नोटीस कोणाच्या दारी?

प्रश्न कुठे उभा आहे

सुरतेहून भुसावळकडे जाणारा तापी मार्ग उधन्याला फुटतो. खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली हजारो मराठी कुटुंबे याच मार्गाने येऊन उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसरा या भागांत स्थिरावली. पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत कापडावर रंगाई-छपाई चालते. त्या कामावर उभ्या राहिलेल्या घरांतली मुले आज वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. घरून ये-जा करणाऱ्या अशा विद्यार्थ्याचा अभ्यास तीन वाटांनी चालतो : महाविद्यालयाचे ग्रंथालय, झेरॉक्सचे दुकान आणि मोबाइलवर येणारी पीडीएफ. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर कॉपीराइटचा प्रश्न पावलोपावली येतो. तरी त्या प्रश्नावर जगभर झालेली चर्चा या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून झालेली नाही. ती झाली वसतिगृहात राहणाऱ्या आणि विद्यापीठाच्या तारेवरून इंटरनेट वापरणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल.

विद्यार्थ्याने कॉपीराइटचा भंग केला अशी तक्रार आली, तर विद्यापीठाने काय करावे? नोटीस नुसती पुढे पाठवावी, विद्यार्थ्याचे नाव तक्रारदाराला द्यावे, स्वतः शिक्षा करावी, की विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहावे? गेल्या पंचवीसेक वर्षांत या चारही उत्तरांना कुठे ना कुठे जागा मिळाली आहे. हा आढावा घेताना एक मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो. विद्यापीठ एकाच वेळी अनेक नात्यांनी वागत असते. ते माहितीचे वाहक असते, आपल्या संगणकावर मजकूर साठवणारे असते, शिक्षक असते आणि शिस्त राखणारेही असते. नोटीस यातल्या कोणत्या नात्याने त्याच्या दारी आली, यावर त्याचे कर्तव्य ठरायला हवे. ही नाती एकमेकांत मिसळली, की नोटीस हा केवळ आरोप असतानाही तिला निकालाचे वजन येते.

पार्श्वभूमी : वसतिगृहातली तार

या वादाची सुरुवात अमेरिकेत झाली. तिथल्या 1998 च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने इंटरनेट पुरवणाऱ्यांना एक संरक्षण दिले. वापरकर्त्याच्या चुकीबद्दल पुरवठादाराला जबाबदार धरले जाणार नव्हते. मात्र त्याने वारंवार भंग करणाऱ्यांची सेवा बंद करण्याचे धोरण राबवावे आणि मजकूर त्याच्याकडे साठवलेला असेल तर तक्रारीवरून तो हटवावा, अशा अटी होत्या. वसतिगृहात इंटरनेट देणारी विद्यापीठे या व्याख्येत आपोआप आली. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने नॅपस्टर सुरू केले आणि गाण्यांच्या देवाणघेवाणीत विद्यापीठांची वेगवान जोडणी मध्यभागी आली.

संगीत कंपन्यांच्या संघटनेने 2003 पासून व्यक्तींवर दावे लावले. 2007 मध्ये तिने पुढचे पाऊल टाकले. दाव्याआधी तडजोडीची मागणी करणारी पत्रे तिने विद्यापीठांकडे पाठवली आणि ती संबंधित विद्यार्थ्यांना द्यावीत असे सांगितले. काही हजार डॉलर भरा, नाहीतर न्यायालयात भेटू, असा त्यांचा आशय होता. अनेक विद्यापीठांनी ती पोचवली, पण विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शाखेने नकार दिला. खासगी पक्षाची पैशांची मागणी पोचवणे हे आपले काम नाही, आणि न्यायालयाचा आदेश आला तर तो पाळू, ही त्या नकारामागची भूमिका होती. न्यायालयात जाण्याची किंमत किती असू शकते हे 2009 च्या जुलैत दिसले. बोस्टन विद्यापीठाचा विद्यार्थी जोएल टेनेनबॉम याला 30 गाण्यांसाठी 6,75,000 डॉलर भरपाई द्यावी, असे ज्यूरीने ठरवले.

त्याआधीच, 2008 मध्ये, अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यात तरतूद आली आणि जुलै 2010 पासून ती लागू झाली. विद्यापीठांनी दरवर्षी विद्यार्थ्यांना कॉपीराइटचे नियम आणि दंड कळवावेत, भंग रोखण्याची लेखी योजना ठेवावी आणि शक्य तिथे कायदेशीर पर्याय द्यावेत, अशी ती तरतूद आहे. यातून बहुतेक ठिकाणी एक ठरावीक शिडी तयार झाली : पहिल्या नोटिशीला समज, दुसऱ्या वेळी काही काळ जोडणी बंद, त्यानंतर शिस्तभंगाची कारवाई. त्या काळातल्या दोन गोष्टी या शिडीविषयी विचार करायला लावतात. चित्रपट उद्योगाच्या संघटनेने आपल्या अमेरिकेतल्या नुकसानीचा 44 टक्के वाटा विद्यार्थ्यांचा असल्याचे सांगितले होते; जानेवारी 2008 मध्ये तिनेच तो आकडा चुकल्याचे मान्य करून सुमारे 15 टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की काहीही डाउनलोड न करणाऱ्या छपाईयंत्राच्या आयपी पत्त्यावरही भंगाची नोटीस आणवता येते. नोटीस पत्त्याकडे बोट दाखवते. त्या पत्त्यामागचा माणूस कोण, हे तिला माहीत नसते.

कॅनडाने वेगळा रस्ता घेतला. जानेवारी 2015 पासून तिथे पुरवठादाराचे कर्तव्य नोटीस पुढे पाठवणे आणि नोंद ठेवणे एवढेच आहे. हटवणे किंवा नाव सांगणे नाही. पुढे या नोटिशींतही पैशांच्या मागण्या येऊ लागल्या, तेव्हा 2018 च्या डिसेंबरात कायदा बदलून अशा मागण्यांना मनाई केली गेली. खानदेशातून किंवा सुरतेतून पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याला हा फरक प्रत्यक्ष भोवतो. अमेरिकेतल्या विद्यार्थी व्हिसासाठी पूर्णवेळ नोंदणी आवश्यक असते. त्यामुळे तिथे शिस्तभंगापोटी झालेले निलंबन फक्त एका सत्रापुरते उरत नाही, ते देशात राहण्याच्या हक्कापर्यंत जाते.

भारतातले वळण : दिल्लीचा खटला

भारतात हा प्रश्न कागदावरून आला. ऑगस्ट 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. प्रतिवादी दोन होते : दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान आणि स्वतः दिल्ली विद्यापीठ. अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून या दुकानात वाचनसंच विकले जात होते. प्रकाशकांचे म्हणणे असे, की हा व्यापार आहे आणि त्यासाठी परवाना घ्यायला हवा. विद्यार्थ्यांवर थेट नोटीस निघाली नव्हती, तरी संच बंद पडले तर फटका त्यांनाच बसणार होता. म्हणून विद्यार्थ्यांची आणि अभ्यासकांची एकेक संघटना खटल्यात सामील झाली. ज्यांची पुस्तके दाव्यात नमूद होती अशा 33 लेखकांसह तीनशेहून अधिक अभ्यासकांनी दावा मागे घेण्याची विनंती प्रकाशकांना केली.

निकाल दोन टप्प्यांत आला. 16 सप्टेंबर 2016 रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट कायद्याच्या 52(1)(आय) कलमात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतीला सूट आहे, आणि शिकवणे हे वर्गाच्या चार भिंतींपुरते नसते, असा त्यांचा अर्थ होता. 9 डिसेंबर 2016 रोजी खंडपीठाने हे तत्त्व उचलून धरले, पण त्याला एक कसोटी जोडली. किती पाने घेतली यावर सरसकट मर्यादा नाही, मात्र घेतलेला मजकूर शिकवण्याच्या उद्देशासाठी आवश्यक होता का, हे तपासायला हवे. त्या तपासणीसाठी खटला खालच्या टप्प्यावर परत पाठवला गेला. ती तपासणी झालीच नाही, कारण मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. प्रती काढण्याचे परवाने देणाऱ्या एका संस्थेचे अपील त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतले नाही.

या खटल्यात विद्यापीठाने घेतलेली जागा आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे. दुकान आणि विद्यार्थी यांच्यापासून अंतर राखून ते स्वतःला वाचवू शकले असते. त्याऐवजी, हे वाचन आम्हीच नेमले आहे, म्हणून ही प्रत आमच्या शिकवण्याचा भाग आहे, असे त्याने न्यायालयात मांडले. म्हणजे शिक्षकाच्या नात्याने आलेल्या तक्रारीला विद्यापीठाने शिक्षकाच्या नात्यानेच उत्तर दिले. अमेरिकेतल्या शिडीत हे नाते जवळजवळ दिसत नाही, कारण तिथे नोटीस तार पुरवणाऱ्याच्या दारी येत होती.

कायद्याची आजची चौकट

डिजिटल मजकुराबाबत भारतीय कायदा तीन ठिकाणी विखुरलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 79 व्या कलमाने मध्यस्थांना संरक्षण दिले आहे. मध्यस्थाच्या व्याख्येत दूरसंचार कंपन्यांपासून सायबर कॅफेपर्यंत अनेकांची नावे आहेत. विद्यापीठाचे नाव नाही, पण व्याख्येचे शब्द इतके व्यापक आहेत की नेटवर्क चालवणारे विद्यापीठ त्यात बसू शकते. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदींनुसार नुसत्या तांत्रिक वहनात होणारी क्षणिक साठवण भंग ठरत नाही. दुवा किंवा प्रवेश देण्यासाठी झालेल्या तशाच तात्पुरत्या साठवणुकीला 2013 च्या नियमांतला 75 वा नियम लागू होतो : लेखी तक्रार आल्यावर 36 तासांत प्रवेश थांबवायचा, आणि 21 दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. पुढे जाण्याचा भार अशा रीतीने तक्रारदारावर ठेवलेला आहे.

दुसऱ्या बाजूला फौजदारी कलमे कडक आहेत. 63 व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये निट प्रो प्रकरणात ठरवले. बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरण्यासाठी 63-बी हे वेगळे कलम आहे, आणि कापडाचे डिझाइन संगणकावर शिकणाऱ्या मुलांना ते माहीत असणे गरजेचे आहे. मात्र धाक किती दाखवावा यालाही मर्यादा आहे. 2016 मध्ये ‘डिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात रोखलेल्या संकेतस्थळांवर, नुसते पाहणेही गुन्हा आहे, असा इशारा झळकत होता. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी नुसते पाहणे हा गुन्हा नसल्याचे स्पष्ट करून तो मजकूर बदलायला लावला.

तिसरी गोष्ट कॉपीराइटची नसूनही त्यात मिसळली जाते, ती म्हणजे वाङ्मयचौर्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत मजकुराच्या साम्यानुसार पायऱ्या आहेत : दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, 60 टक्क्यांच्या वर संशोधकाची नोंदणी रद्द. त्यासाठी चौकशी समित्याही ठरवून दिल्या आहेत. परंतु नाव देऊन घेतलेला मोठा उतारा वाङ्मयचौर्य नसला तरी कॉपीराइटचा भंग असू शकतो, आणि हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकातून नाव न देता घेतलेला उतारा भंग नसला तरी चौर्य असतो. एकाची चौकशी विद्वत्तेच्या निकषावर होते, दुसऱ्याची मालकीच्या. चौर्यासाठी घडवलेले यंत्र कॉपीराइटच्या नोटिशीला लावले, तर विद्यापीठ नकळत न्यायालयाच्या खुर्चीत बसते.

तीन बाजू

हक्कधारकांची बाजू अशी. प्रत काढणारा एकेकटा विद्यार्थी लहान असतो, पण अशा प्रतींची बेरीज मोठी होते, आणि तिला सोय करून देणारी संस्था हात झटकू शकत नाही. दिल्लीतल्या खटल्यातले प्रकाशक बलाढ्य होते. मराठी प्रकाशकाची स्थिती वेगळी आहे. हजार-पाचशे प्रतींच्या आवृत्तीवर चालणाऱ्या घराचे नेमलेले पुस्तक एका टेलिग्राम गटात पडले, तर पुढची आवृत्ती निघेलच याची खात्री नसते. लेखनावर जगणाऱ्या शिक्षकांचेही तसेच. नीतू सिंग यांच्या इंग्रजीच्या पुस्तकांच्या आणि व्याख्यानांच्या प्रती टेलिग्रामवर फिरत असल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये संबंधित चॅनेल चालवणाऱ्यांचा तपशील देण्याचा आदेश दिला, तो याच चिंतेतून.

विद्यापीठांची बाजू व्यवस्थेची आहे. नोटीस खरी की खोटी हे ठरवण्याची न्यायिक क्षमता त्यांच्याकडे नाही, आणि दुर्लक्ष केले तर संरक्षण गमावण्याची भीती आहे. विद्यार्थ्याची ओळख उघड करताना 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचेही भान ठेवावे लागते. म्हणून अनेकांना एक ठरलेली, यांत्रिक पद्धत सुरक्षित वाटते.

विद्यार्थ्यांची आणि ज्ञान खुले असावे असे मानणाऱ्या अभ्यासकांची बाजू उपलब्धतेपासून सुरू होते. नेमलेले पुस्तक ग्रंथालयात एक-दोन प्रतींत असेल आणि बाजारातली किंमत महिन्याच्या घरखर्चाशी स्पर्धा करत असेल, तर प्रत हा लबाडीचा नव्हे, अभ्यासाचा मार्ग ठरतो. शोधनिबंध फुकट देणाऱ्या सायहब या संकेतस्थळाविरुद्ध एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीत दावा केला. तेव्हा भारतीय शास्त्रज्ञांनी हाच मुद्दा मांडला. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ रोखण्याचा आदेश दिला. दरम्यान सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये खर्चून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांना मिळतात आणि हे काम गांधीनगरचे इन्फ्लिबनेट पाहते. हे पाऊल मोठे आहे. पण खासगी विनाअनुदानित महाविद्यालये या टप्प्यात नाहीत आणि योजनेत नियतकालिके आहेत, पाठ्यपुस्तके नाहीत. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीची अडचण या योजनेने सुटत नाही.

नात्यांची फारकत आणि तिच्यावरचे आक्षेप

या तीनही बाजूंत तथ्य आहे, आणि नाती वेगळी ठेवली तर त्या एकमेकींना फारशा काटत नाहीत. विद्यापीठ नुसते वाहक असेल तिथे कॅनडासारखे करावे : नोटीस पोचवावी, नोंद ठेवावी, न्यायालयाच्या आदेशाशिवाय नाव देऊ नये. मजकूर विद्यापीठाच्या संगणकावर असेल तिथे तातडीने प्रवेश थांबवावा आणि 21 दिवसांची वाट पाहावी. मजकूर विद्यापीठानेच नेमलेला असेल, तर विद्यार्थ्याला पुढे न करता दिल्लीप्रमाणे स्वतः उत्तर द्यावे. शिस्तीचा अधिकार शेवटी, आणि विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून मगच वापरावा.

यावर पहिला आक्षेप असा, की शिक्षेचा धाक गेला तर भंग वाढेल. पण विद्यापीठाने शिक्षा न केल्याने हक्कधारकाचा न्यायालयाचा मार्ग बंद होत नाही. बंद होतो तो चौकशीविना शिक्षा होण्याचा मार्ग. छपाईयंत्रावर आणवलेल्या नोटिशी पाहिल्या, की ही दक्षता का हवी ते कळते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : उद्देशाची कसोटी मराठी प्रकाशकाला मारक ठरेल. याचे उत्तर कसोटीतच आहे. नेमलेल्या कादंबरीवरच्या एका प्रकरणाची झेरॉक्स वर्गासाठी काढणे आणि बाजारात सहज मिळणारी अख्खी कादंबरी हजारो अनोळखी लोकांच्या गटात टाकणे, यांत शिकवण्याचा उद्देश एकीकडेच आहे. नक्कल ही एकसारखी गोष्ट नाही, हे सुरतेच्या कापडबाजाराला नवे नाही. नोंदणी न केलेल्या डिझाइनची हक्कधारकाने किंवा त्याच्या परवान्याने यंत्रावर पन्नासाहून अधिक नगांवर छपाई झाली, की कॉपीराइट कायद्याचे संरक्षण संपते, असे 15 वे कलम सांगते. पुस्तकाला असा नियम नाही. कायदा स्वतःच कोणी, कशाची आणि कशासाठी प्रत काढली हे विचारतो. विद्यापीठानेही तेच विचारावे.

तिसरा आक्षेप असा, की यात विद्यार्थ्याला फक्त ग्राहक मानले आहे. तो लेखकही आहे. विद्यार्थी विद्यापीठाचा नोकर नसल्याने त्याच्या प्रबंधाचा पहिला हक्क सामान्यतः त्याचाच असतो, आणि तो प्रबंध इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या प्रबंधसंग्रहावर खुला होतो. आपल्या लेखनावरचा हक्क ज्याला कळतो, त्याला दुसऱ्याचा हक्कही समजावून सांगता येतो. म्हणून हा आक्षेप शिक्षकाच्या नात्याला बळच देतो.

काय सुटलेले नाही

चार गोष्टी अजून अधांतरी आहेत. विद्यापीठ हे मध्यस्थ आहे का, आणि असल्यास कोणत्या कामापुरते, यावर ठाम निकाल हवा आहे. दिल्लीच्या खंडपीठाने सांगितलेली ‘आवश्यक होते का’ ही तपासणी प्रत्यक्षात कशी करायची, हे दावा मागे घेतल्यामुळे ठरलेले नाही. छपाईबाहेर गेलेले पुस्तक संपूर्ण उतरवावे का, हाही त्यातलाच उपप्रश्न. छापील संचाला मिळालेली सूट शिक्षकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफला तशीच लागू होते का, हेही खुले आहे. आणि मराठी-गुजरातीसारख्या भाषांतल्या अभ्यासपुस्तकांसाठी परवडणारी, सहज घेता येणारी परवाना-पद्धत उभी राहिलेली नाही.

यांतली पहिली तीन उत्तरे न्यायालये आणि संसद देतील. तोवर पांडेसऱ्यातल्या विद्यार्थ्यापुरते चित्र स्पष्ट आहे. त्याचा मोबाइल विद्यापीठाच्या तारेवर नाही, त्यामुळे त्याच्या नावाची नोटीस विद्यापीठाकडे येणार नाही. ती दूरसंचार कंपनीकडे, टेलिग्रामकडे किंवा झेरॉक्सच्या दुकानात जाईल. त्याला समज देणारे, थांबवणारे किंवा वाचवणारे कोणीच मधे नसेल आणि 63 वे कलम मात्र तसेच असेल. अशा विद्यार्थ्यापर्यंत पोचणारे विद्यापीठाचे एकच नाते उरते, शिक्षकाचे. काय उतरवता येते, काय नाही, मोफत आणि कायदेशीर काय मिळते, आणि नोटीस आलीच तर कोणाला भेटायचे, हे प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात गुजराती, मराठी आणि हिंदीत एका पानावर सांगण्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.